हार्लेक्विन बेडूक अजूनही अतिसंकटग्रस्त का आहे

कोस्टा रिका आणि पनामा येथील डोंगराळ अरण्यांत, ओढ्यांच्या काठाने राहणारा हार्लेक्विन बेडूक (ॲटेलोपस व्हेरियस) पुन्हा सापडला आहे, तेव्हा त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणणे ही अतिशयोक्ती होय, असा मजकूर सध्या बराच पसरला आहे. त्यातील अर्धसत्ये अधिक घातक असल्याने प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

नामशेष मानलेला बेडूक दिसला, म्हणजे धोका मुळातच नव्हता, असे त्यात म्हटले आहे. १९९६ नंतर तो कोस्टा रिकात उरला नसावा असे मानले जात होते आणि २००३ मध्ये तो तेथे आढळला, हे खरे आहे. परंतु पूर्वी त्या देशात शंभराहून अधिक ठिकाणी त्याची नोंद होती. आता तो मोजक्याच ठिकाणी उरला आहे. घटीचे कारण दूर झालेले नसताना दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के वा अधिक घटली, तर धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत ती जाती अतिसंकटग्रस्त ठरते. काही जिवंत बेडूक सापडल्याने ही घट पुसली जात नाही.

‘अरण्य राखीव आहे, म्हणून बेडूक सुरक्षित आहे’ हा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे. कोस्टा रिकातीलच माँटेव्हर्देच्या संरक्षित मेघवनात १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक सोनेरी भेक (बेडकांचीच एक जाती) दिसले होते. १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर एकही नाही. तेथे कोणी झाडे तोडली नव्हती. हार्लेक्विन बेडकांचा घात करणारी कायट्रिड बुरशी पाण्यातून पसरते आणि साधारण १७ ते २५ अंश तापमानात उत्तम वाढते, त्यामुळे थंड डोंगरी ओढे तिला विशेष मानवतात. ती त्वचेत शिरली की सोडियम व पोटॅशियमचे शोषण बिघडते आणि अखेरीस हृदय थांबते. कुंपण आणि वनरक्षक हिला अडवू शकत नाहीत.

बेडकांनी आता बुरशीवर मात केली, हे विधान पनामातील २०१८ च्या संशोधनावर बेतलेले दिसते. त्या संशोधनाने बुरशी सौम्य झाल्याचे दाखवलेले नाही. काही जातींच्या त्वचेतील स्रावांची प्रतिकारशक्ती वाढल्याचे दाखवले आहे. ही मनापासून आनंद व्हावा अशी बातमी आहे, पण ती सर्वत्र आणि सर्व जातींना लागू करणे चुकीचे ठरेल.

राहता राहिला बंदिस्त प्रजननाचा, म्हणजे पिंजऱ्यात वाढवलेले बेडूक निसर्गात सोडले की धोका टळला, हा मुद्दा. २०१८ मध्ये पनामाच्या कोलोन प्रांतात सुमारे ५०० बेडूक सोडण्यात आले, मात्र सोडलेले बेडूक निसर्गात टिकतात का, हे शोधणे हाच त्यामागचा उद्देश होता. दर्जा खाली आणण्यासाठी लाल यादीचा स्वतंत्र नियमही आहे: वरच्या, म्हणजे अधिक धोक्याच्या वर्गाचा एकही निकष किमान पाच वर्षे लागू होता कामा नये.