सूज म्हणजे इन्फेक्शनच असं नाही

सुजेवरचा तुमचा लेख चांगलाय पण त्यातलं "लाल होऊन सुजलं की इन्फेक्शन समजा" हे वाक्य कृपया बदला. घोटा मुरगळला की बघता बघता टम्म फुगतो, गरम लागतो, पाय टेकवत नाही, त्यात जंतू कुठून आले? लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवलीत, तेव्हा बॅक्टेरिया कुणाला माहीतही नव्हते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, मग कारण मुका मार असो, भाजणं असो, गाऊट (सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे खडे साचून होणारा त्रास) असो नाहीतर जंतू. इन्फेक्शन हे त्यातलं फक्त एक कारण.

जखमेभोवती सुरुवातीला थोडी लाली नॉर्मल आहे. पण ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, पू येतोय, लाली पसरतेय (कडेने पेनने रेघ मारून ठेवा, रेघेबाहेर गेली की लगेच कळतं), ताप-थंडी वाजतेय किंवा जखमेपासून लाल रेषा वर चढतेय तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हाताची मागची बाजू लावून दुखऱ्या आणि दुसऱ्या चांगल्या बाजूचा गरमपणा ताडून बघायचा. आणि डायबेटिसवाल्यांनो पाय रोज बघा खरंच, नसा बधिर झाल्या असतील तर दुखतच नाही आणि जखम आत चिघळत राहते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मुरगळलेल्या पायासाठी तर अजिबात घेऊ नका, सूज त्याने उतरत नाही.