पंप काढा, बोल्ट ठोका: पॉवर स्टिअरिंगविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

माझ्या धाकट्या भावाने आपल्या जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवले. नव्या इंजिनावर पॉवर स्टिअरिंगच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने स्टिअरिंग फिरवायला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या, पंपाची ब्रॅकेट जेथे येते, नेमक्या त्याच जागी चासीचा दांडा आडवा येतो, हे इंजिन खाली उतरल्यावर लक्षात आले. उपाय शोधताना त्याला सध्या सगळीकडे फिरणारा एक संदेश मिळाला. त्यात म्हटले आहे की पंप बसत नसेल तर सरळ काढून टाकावा आणि पाइपांची तोंडे बोल्ट ठोकून बंद करावीत. पंपाने खाल्लेली दहा-पंधरा हॉर्सपॉवर परत मिळते. पंप बंद पडला तरी गाडी वळेल अशीच कंपनी ती बनवते, त्यामुळे धोका नाही. आणि रेसच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतेच. "ताई, इतके जण करतात म्हणजे चालत असणार," असे तो म्हणाला, आणि मी पोहोचेपर्यंत त्याने बोल्ट ठोकलेही होते.

हॉर्सपॉवरचा मुद्दा लवकर संपवते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचे चाक स्थिर असताना पंप अगदी कमी दाबावर तेल फिरवत असतो आणि त्या वेळी तो इंजिनाची फार थोडी शक्ती घेतो. पंप काढल्याने थोडा फायदा होतो, हे मान्य आहे. पण दहा-पंधराचा आकडा निराधार आहे. शिवाय अनेक इंजिनांत एकच पट्टा पंप, अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. मधली एक पुली काढून नुसता आखूड पट्टा चढवला, तर उरलेल्या पुल्यांना पडणारा पट्ट्याचा विळखा कमी होऊ शकतो, पट्टा घसरू लागतो आणि इंजिन तापते. याचा संदेशात उल्लेखही नाही.

बोल्ट ठोकण्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. पॉवर स्टिअरिंगच्या रॅकवर, म्हणजे आडवा सरकून पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर, एक पिस्टन बसवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचे कप्पे असतात. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवू त्याप्रमाणे व्हॉल्व्ह एका कप्प्याला पंपाच्या पाइपाशी आणि दुसऱ्याला परतीच्या पाइपाशी जोडतो. पंप काढला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह जागेवरच राहतात. म्हणजे आता हाताच्या जोराने रॅक सरकवताना लहान होणाऱ्या कप्प्यातले तेल परतीच्या तोंडातून बाहेर पडायला हवे आणि मोठ्या होणाऱ्या कप्प्याला तेवढेच तेल दुसऱ्या तोंडातून मिळायला हवे. दोन्ही तोंडे बंद असतील तर तेल जाणार कोठे? ते दाबले जात नाही, त्यामुळे सीलमधून जेवढे झिरपेल तेवढेच चाक फिरते. भावाच्या गाडीत बसून मी चाक फिरवून पाहिले, तेव्हा ते थोडे हलून भिंतीला लागल्यासारखे थांबले, आणि दोन्ही हातांनी ओढल्यावर माझी पाठ सीटपासून सुटली.

दोन्ही तोंडे एका पाइपाने एकमेकांना जोडली तर तेल फिरत राहते आणि गाडी वळते, हे खरे आहे. संदेशात तेवढे असते तरी मी इतकी चिडले नसते. पण तेव्हाही चाक जितके भरभर फिरवाल तितका तेलाचा अडथळा वाढतो. शिवाय व्हॉल्व्हमध्ये एक पीळ घेणारी बारीक दांडी असते. हाताचा जोर किती आहे हे ती पिळण्यावरून व्हॉल्व्हला कळते. तेलाची मदत नसताना प्रत्येक वळणाला आधी ही दांडी काही अंश पिळते, तिची मर्यादा संपते आणि मगच चाके वळतात, त्यामुळे मध्यभागी कायमचा झोल येतो. संदेश पुढे सरकताना त्यात "दांडीला वेल्डिंगचा एक टाका मारा" अशी भर पडलेली आहे. रॅक पूर्ण उघडून, पिस्टनचे सील काढून, ग्रीस भरून, ती दांडी नीट जखडून हे काम करणारे जाणकार आहेत, हे मी नाकारत नाही. पण पाणी दिलेल्या पोलादावर अंदाजाने मारलेला टाका तडकला, तर हातातल्या चाकाचा रस्त्यावरच्या चाकांशी असलेला संबंध धोक्यात येतो. गाडीच्या खाली आडवे पडून करण्याचे हे काम नाही.

सर्वांत जास्त लोकांना पटणारे वाक्य म्हणजे "पंप बंद पडला तरी गाडी वळतेच." वळते, हे खरे आहे. पण किती जोराने, याचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील स्टिअरिंगसंबंधीच्या नियम क्रमांक ७९ मध्ये स्पष्ट दिलेले आहे. प्रवासी मोटारीची चाचणी ताशी १० किलोमीटर वेगाने होते. यंत्रणा धडधाकट असताना १२ मीटर त्रिज्येच्या वळणात ४ सेकंदांत शिरण्यासाठी स्टिअरिंगच्या कडेवर १५० न्यूटनपेक्षा (साधारण १५ किलो वजनाच्या ओढीपेक्षा) जास्त जोर लागता कामा नये. यंत्रणा बिघडलेली असताना हीच मर्यादा ३०० न्यूटन आहे आणि वळणही सैल, २० मीटर त्रिज्येचे आहे. म्हणजे बिघाडाच्या वेळी चालकाने दुप्पट जोर लावून गाडी कमी वळवली तरी नियम ते चालवून घेतो, कारण बिघाड ही गाडी बाजूला घेऊन दुरुस्त करण्याची स्थिती आहे. संदेश लिहिणाऱ्याने तीच स्थिती रोजची केली आहे. त्यातच ही मर्यादा मूळ इंजिन, मूळ टायर आणि पुढच्या चाकांवरचे मूळ वजन धरून तपासलेली असते. जड इंजिन आणि रुंद टायर बसवल्यावर त्या चाचणीचा आधार घेता येत नाही.

भावाला हे आकड्यांत दाखवणे मला आवश्यक वाटले. बंद आवारात त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगती ठेवली आणि मी शेजारच्या सीटवरून बॅगा तोलण्याचा काटा चाकाच्या कडेला अडकवून खाली ओढला. काटा २६ किलोच्या पुढे गेला, म्हणजे जवळजवळ २६० न्यूटन, आणि गाडीने जेमतेम दिशा बदलली. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हती, पण रस्त्यात अचानक कोणी आडवे आले तर काय होईल, हे त्याला विचारावे लागले नाही.

रेसच्या गाड्यांविषयीचे विधान अर्धवट आहे. इंडीकार या अमेरिकी शर्यतींच्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग नसते, हे खरे; फॉर्म्युला वनमध्ये मात्र हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असते. लोटस एलिस आणि अल्फा रोमिओ ४सी या रस्त्यावरच्या गाड्याही त्याविना उत्तम चालतात, पण त्या हलक्या आहेत, त्यांचे इंजिन चालकाच्या मागे आहे आणि त्यांचे स्टिअरिंग मुळापासून तसेच आखलेले आहे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला साध्या रॅकमध्ये १८:१ आणि पॉवर रॅकमध्ये १५:१ असे वेगळे गुणोत्तर होते, म्हणजे रस्त्यावरची चाके एक अंश वळवायला हातातले चाक अनुक्रमे १८ आणि १५ अंश फिरवावे लागे. पॉवर रॅकमध्ये चाक कमी फिरवावे लागते, कारण उरलेला जोर तेल देते. तो रॅक तसाच ठेवून तेल काढून घेतले की जोराचा सगळा भार हातांवर येतो.

पंप खरोखरच बसत नसेल तर त्याच मॉडेलचा साधा रॅक शोधावा, किंवा बॅटरीवर चालणारा हायड्रॉलिक पंप घ्यावा. टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या एमआर२ मध्ये असाच पंप दिला होता. त्याला पट्टा लागत नाही, त्यामुळे तो इंजिनाला चिकटवून ठेवण्याची गरज नसते; जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज मात्र हवा. भावाने दुसऱ्या दिवशी दोन्ही बोल्ट काढले, तेव्हा एका तोंडातून गळालेले तेल एक्झॉस्टच्या पाइपावर पसरलेले दिसले. ते पेट घेऊ शकते. आता विजेचा पंप येऊन बसेपर्यंत ती गाडी आवारातच उभी आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे आहे.