बेटावर उतरणाऱ्या कृषी केंद्रवाल्या भाऊंसाठी

भाऊ, आधी अभिनंदन. पिकांवरच्या टॉनिकचं टार्गेट मार्चअखेरच्या आत पुरं केलं आणि कंपनीनं तुम्हाला जोडीनं जहाजाची सहल दिली. दर्यापूरकडचा दुकानदार मुंबईहून बोटीत बसून थेट लक्षद्वीपच्या वाळूवर उभा राहणार, ही काही लहानसहान गोष्ट नाही. गावात दोन-चार जण पारावर बोलतीलच, ‘आपल्या बाटल्याइवर चालला बाप्पा!’ बोलू द्या. डीएपी खताच्या कट्ट्यासोबत बाटली घेतल्याशिवाय कट्टा मिळत नव्हता हे खरं, पण बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून नेली होती.

जहाजावर काय करायचं ते सांगायला नको, तिथं दिवसभर जेवण चालूच असतं. खरी परीक्षा बेटावरच्या दिवसाची. पाच-सहा तास हाताशी असतात आणि त्यात सगळं बसवायचं असतं. लक्षद्वीपची बेटं ३६, त्यातल्या १० बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपल्या एका तालुक्यात असे पंधरा-वीस लक्षद्वीप मावतील. तेव्हा एवढ्याशा जागेत पाहायला असून असून काय असणार, असं घरूनच ठरवून निघा. अर्धं नियोजन तिथंच आटोपतं.

तिथं जायला आपल्या देशातल्या माणसालाही परवाना लागतो. त्यासाठी कंपनीच्या साहेबांनी आधार कार्ड आणि फोटो मागितले, की ‘पाठवतो ना जी’ म्हणून आठवडाभर गप्प बसा. आधार दाखवून मशीनवर अंगठा लावल्याशिवाय युरियाचा कट्टा सुटत नाही, हे तुम्हीच रोज लोकांना समजावता. पण तो नियम काउंटरच्या पलीकडच्यांसाठी.

आता उतरायचं कसं ते नीट वाचा. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, म्हणून मोठं जहाज काठाला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि तुम्हाला लहान बोटीत उतरावं लागतं. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या जरा वर एक दार उघडतं. खालची बोट लाटेसरशी वर येते, खाली जाते, पुन्हा वर येते. दारातला खलाशी तुमचा दंड धरून ठेवतो. बोट उंबऱ्याच्या बरोबरीला आली की तो ‘चलो’ म्हणतो आणि तेव्हाच पाय टाकायचा असतो. तुम्ही त्या वेळी एका हातात शेगाव कचोरीची पिशवी आणि दुसऱ्या हातात चालू व्हिडिओ धरा, अन् मागं वळून वहिनींना सांगा, ‘तू सावकाश ये वं.’ तोवर बोट चार फूट खाली गेलेली असेल. मागं रांगेत शंभर माणसं उभी आहेत, याचं दडपण घेऊ नका.

लाइफ जॅकेटवर कुरकुर केलीच पाहिजे. गरम होते, फोटोत पोट दिसते, आम्ही काय लेकरं आहो का. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क, चष्मा द्या असं वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. तुमच्याही दुकानात त्या किटचं एक खोकं आलं होतं. ते अजून माळ्यावर आहे. जहाजवाल्यांना माळ्याची सोय माहीत नसावी, ते खरोखर एकेकाच्या अंगात जॅकेट घालून पट्टा ओढून पाहतात.

वाळूवर पाय टेकले की पहिलं काम बॅनर. तो साहेबांनी अकोल्याहून गुंडाळी करून आणलेला असतो, सुतळीसकट. दोन माड हेरायचे. एकाला गाठ मारली की दुसऱ्या बाजूची सुतळी वीतभर कमी पडते, मग कोणाच्या तरी कमरेचा पट्टा निघतो. खारा वारा सुटला की बॅनर शिडासारखा फुगतो आणि कंपनीचं नाव वाचता येत नाही, म्हणून खालची टोकं धरायला दोन डीलर उकिडवे बसवावे लागतात. मग टोप्या, मग टी-शर्ट, मग नुसते पुरुष, मग जोडप्यानं, मग ‘साहेबांसंग एक’. यात तासभर आरामात जातो. मागचं निळं-हिरवं पाणी बॅनरनं पुरतं झाकलं गेलं पाहिजे, याची काळजी घ्या. कंपनीनं पैसे पाण्यासाठी मोजलेले नाहीत.

उरलेल्या वेळासाठी काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग, कयाक असलं बरंच काही असतं. जहाजावरच्या काउंटरवर मुलगी सांगते, ‘नुसती काचेची बोट मिळणार नाही सर, पॅकेजमध्ये कयाकपण घ्यावं लागेल.’ इथं तुम्ही टेबलावर हात आपटून ओरडा, ‘अरे, एकासोबत दुसरं गळ्यात मारणं, हे त सरासर लिंकिंग झालं!’ मागच्या रांगेतल्या साऱ्या डीलरांनी ‘हो ना, लूट आहे’ म्हणून साथ द्यावी. इतक्या मनापासून या विषयावर तुम्ही बोललेलं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

पॅकेज नाकारून बाहेर रिक्षा ठरवा. जहाजवाल्यांनी नेलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं, आपल्या मर्जीनं फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. पण आपल्याकडं एसटीसुद्धा ओळखीच्या माणसासाठी थांबते, तर हे जहाज काय चीज आहे!

बोटीच्या काचेतून खाली प्रवाळ दिसतं. तो दगड नाही, बारीक जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन डिग्रीनं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की त्यातलं शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. गाईड हे सांगत असताना मध्येच विचारा, ‘पांढरं पडते त कोणतं मायक्रोन्यूट्रिएंट मारता?’ आणि व्हिजिटिंग कार्ड द्या. शोकेससाठी एखादा तुकडा खिशात टाकायचा मोह होईल. तो वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पकडले गेलात तर टी-शर्ट काढून ठेवा, कंपनीचं नाव नको यायला.

या बेटांवर दारूबंदी आहे, एकटं बंगारम बेट सोडून. दारूबंदीतच वाढलेल्या वर्धा जिल्ह्यातल्या भाऊंना यावर मार्गदर्शनाची गरज नाही. त्यांनी रिक्षावाल्याच्या कानाशी लागून ‘भेटते का कुठं?’ विचारावं. तो शहाळं आणून देईल.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळा: विहीर. या बेटांवर जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो. पंप लावून जास्त ओढलं की खालचं खारं वर येतं. कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राच्या पाण्यातून रोज लाखभर लिटर गोडं पाणी काढायचं यंत्र बसवलं, ते यासाठीच. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला यातला शब्दन् शब्द कळतो. बोअरला खारं लागलं म्हणजे काय, हे तुमच्या बापानं पाहिलं आहे. विहिरीवर बसलेल्या म्हाताऱ्याशी मोडक्या हिंदीत गोष्टी सुरू झाल्या तर दोन तास कुठं गेले कळणार नाही आणि बॅनरचा दुसरा फोटो राहून जाईल. म्हणून तिकडं फिरकूच नका.

शेवटच्या बोटीला धावतपळत या, रात्री डेकवर जेवणानंतर साहेब पुढच्या खरिपाची स्कीम सांगणार आहेत. यंदा बाली म्हणतात. बालीला लक्षद्वीपपेक्षा बाटल्या जास्त लागतील, त्याचा हिशेब तिथंच नॅपकिनवर मांडा. उधारीच्या वहीतले खातेदार आठवा. कट्ट्यामागं दोन बाटल्या सगळेच नेतात, तिसरी कोणाच्या माथी मारायची ते जहाजावरच ठरवून टाका. तुम्ही गावात पोचाल तोवर अकोल्याला खताची रॅक, म्हणजे मालगाडी, लागलेली असेल, अन् दुकानापुढं सकाळी सातलाच रांग.