कानाला हात लागला की वय सहा

बालविवाहावरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘अठरा म्हणजे अठरा, सतरा वर्षं अकरा महिने म्हणजे अठरा नव्हे.’ त्यावर केज तालुक्यातल्या एका वाचकाने चांगलंच झापलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “गुरुजी, माझ्या बहिणीची जन्मतारीख तुमच्यासारख्याच एका गुरुजींनी व्हरांड्यात बसून अंदाजाने लिहिली. त्या तारखेवर माझा बाप गुन्हेगार ठरायचा का? आणि कायद्याचं तरी एक कुठंय? कामाला चौदा, मताला अठरा, नवरदेवाला एकवीस, दारूला पंचवीस. पोरगी किती शहाणी झाली ते दिल्ली-मुंबईला काय कळणार? आईबापाला कळतं. तुम्ही पेन्शन घेऊन अंबाजोगाईत बसलात, आम्हाला ऊसतोडीला फडावर जायचंय.”

दादा, पेन्शनचं खरं आहे. त्यावर काही बोलत नाही.

तारखेचंही खरं आहे. तुमच्या बहिणीचा गुरुजी मी नसेन, पण तसल्याच दुसऱ्या व्हरांड्यात मी वर्षानुवर्षं बसलोय. जूनमध्ये आई लेकराला धरून आणायची. कधीचा जन्म? “पोळ्याच्या आधी दोन दिस. त्या साली लई पाऊस होता बघा.” कोणत्या साली, ते तिलाही सांगता यायचं नाही. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा, पण बाळंतपण घरात, सुईणीच्या हाती. नोंद करायला ग्रामपंचायतीत जातंय कोण? मग आम्ही लेकराला म्हणायचो, उजवा हात डोक्यावरून ने अन् डावा कान धर. कान हाताला लागला की वय सहा. तारीख १ जून. आजही १ जूनला माझा व्हॉट्सॲप उघडून बघा, वर्गचे वर्ग एका दिवशी जन्मलेले दिसतील. त्यात एखाद वर्ष कमी लावलं तर “पुढं नोकरीला एक वर्ष जास्त मिळतंय” असं आम्हीच पालकांना कौतुकाने सांगायचो.

काय फरक पडतो, असं तेव्हा वाटायचं. निवृत्तीनंतर बाल न्याय कायद्याचं कलम ९४ वाचलं आणि त्या रात्री झोप नीट लागली नाही. वयाबद्दल शंका आली तर आधी शाळेचं जन्मतारखेचं किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघायचं, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हाडंसुद्धा एक-दोन वर्षं इकडेतिकडे सांगतात, पण माझी १ जून त्या हाडांच्याही आधी येते. (आधार कार्डावरची तारीख दाखवून काही मंडळी लग्नं उरकतात. वयाचा पुरावा म्हणून ती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय.) १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेत घालतानाही जन्मदाखलाच लागणार. म्हणजे आम्हा गुरुजींचा उद्योग संपला, बरंच झालं.

पण तारीख अंदाजाची, म्हणून ती सोडून द्यायची आणि आईबापाच्या नजरेने ठरवायचं, हा तुमचा उपाय मला पटत नाही. कारण ती पुन्हा कान धरायचीच परीक्षा झाली. लेकरू समोर उभं करायचं आणि थोरलं झालं की नाही ते मोठ्या माणसाने बघून सांगायचं. बघणाऱ्याला त्या वेळी जे हवं असतं तेच त्याला दिसतं. मला पट भरायचा होता, मला सहा वर्षं दिसायची.

फडावरचं तर तुम्ही मला शिकवावं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पंधरा वर्षांची पोरगी गावात ठेवायची तर म्हाताऱ्या आजीजवळ, न्यायची तर फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग गाडी भरायच्या आत सोयरीक जमते आणि पोरगी ‘थोर’ होते. ती नेमकी त्याच महिन्यात शहाणी झाली का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड आणि परभणीतल्या विशीतल्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. महाराष्ट्राचा आकडा बावीसच्या आसपास आहे. बीड-परभणीच्या पोरी दुप्पट लवकर शहाण्या होतात असं तर नाही ना? बापाची भीती खरी आहे, तिच्यावर मी हसत नाही. पण त्या भीतीला पोरीचा शहाणपणा म्हणू नका.

आता दुसरं उदाहरण घ्या. बाप वारला आणि चार एकर सोळा वर्षांच्या पोराच्या नावावर आलं. सातबाऱ्यावर काय लागतं? ‘अज्ञान’, म्हणजे अठराच्या आतला, आणि त्याच्या पुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव. ती जमीन विकायची तर सख्ख्या आईलाही कोर्टाची परवानगी लागते, १९५६ पासून. पोरगा ट्रॅक्टर चालवत असेल, आडतीवर हिशेब करत असेल, तरी ‘पोराला सगळं कळतं, घ्या सही’ असं कुठलाही शहाणा खरेदीदार म्हणत नाही. उद्या खरेदीखत उलटेल, हे त्याला पक्कं माहीत असतं. जमिनीच्या बाबतीत हा आकडा आपण मुकाट्याने मानतो.

म्हणून तुमची चौदा, अठरा, एकवीसची यादी मला तितकीशी खटकत नाही. यातला बहुतेक आकडा लेकराची अक्कल मोजायला नाहीच, समोरच्या मोठ्याचा हात धरायला आहे. चौदाच्या आत मालकाचा, दारूत दुकानदाराचा, लग्नात बापाचा आणि नवऱ्याचा. हात वेगळे, म्हणून आकडे वेगळे. मताचं निराळं, तिथे हक्क द्यायचा होता, म्हणून १९८९ पासून एकवीसचं अठरा केलं.

दोन ठिकाणी मात्र तुम्ही माझी दांडी उडवली. नवरदेवाला एकवीस का, याला माझ्याकडे उत्तर नाही. १९२९ मध्ये मुलीला चौदा आणि मुलाला अठरा होतं, १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस झालं. नवरा थोडा मोठा असावा, या समजापलीकडे त्यात मला काही दिसत नाही. आणि यादीत तुम्ही न घातलेलं एक मीच घालतो. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, सोळा ते अठराच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याची समज तपासून, प्रौढासारखा खटला चालवायचा का ते ठरवता येतं. तिथे कायदाच कान धरायला लावतो. ते मला तेव्हाही रुचलं नव्हतं.

वडिलांबद्दल विचारलंत. २००६ च्या बालविवाहाच्या कायद्यात लग्न लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बाईला तुरुंगवास नाही. लग्न आपोआप रद्द होत नाही, पण मुलीला वीस पूर्ण होईपर्यंत कोर्टात जाऊन ते रद्द करून घेता येतं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच. याची दुसरी बाजूही मी बघितली आहे: सतरा वर्षांची गरोदर पोरगी दवाखान्यात गेली तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. मागच्या लेखात हे मी लिहायला हवं होतं. राहिलं.

बहिणीचं लग्न झालंय की ठरलंय, ते तुम्ही लिहिलं नाहीत. ठरलं असेल तर शाळेतून निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) काढा आणि ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडते का बघा. बघताना ग्रामसेवकाशीही बोला, गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. आणि एक. एवढ्या लांब प्रतिक्रियेत बहिणीची जन्मतारीख आहे, तिचा शहाणपणा आहे, तुमच्या वडिलांची काळजी आहे. ती स्वतः काय म्हणते, ते कुठे सापडलं नाही. तिला विचारून कळवा.