रस्ता धरून उडण्यात कमीपणा कसला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या लेखात मी कॅनडातलं डॉसन क्रीक ते अलास्कातलं फेअरबँक्स अशी, खालचा अलास्का हायवे धरून, सेसना 172 या एका इंजिनच्या छोट्या विमानाने जायची आखणी मांडली होती. विमान आणि लायसन्स एडमंटनच्या माझ्या भाच्याचं, आखणी दोघांची. त्यावर तुम्ही लिहिलंत: "नागपूरच्या उन्हात बसून अलास्काच्या गप्पा! हायवेच्या डोक्यावरून उडणं म्हणजे एसटीचा प्रवास. हिंमत असेल तर ट्रेंचमधून सरळ जा, जीपीएस कशासाठी आहे?" शिवाय सामानाच्या यादीची थट्टा, आणि लेख लांबल्याची तक्रार.

लेख लांबला, मान्य. तुमचा ट्रेंच, म्हणजे रॉकी माउंटन ट्रेंच ही डोंगरांमधली लांबच लांब दरी, तिथला मार्ग जवळचा, हेही मान्य. पण 'हिंमत असेल तर' ही भाषा कशाला? चूक दिसली तर नकाशा काढा, आकडे मांडा. लिहिणाऱ्याचं गाव काढून त्याला गप्प बसवायचं, ही कुठली रीत? आणि उन्हाचंच म्हणाल तर ऐका. मे महिन्यात 45 अंशांत नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवरून मी ट्रेनर विमान उचललेलं आहे. धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर, पण उन्हाने हवा इतकी विरळ की विमान पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. हवेशी कसं वागायचं हे नागपूरचा माणूस घरी बसून शिकत नाही.

आता तुमची 'एसटी'. तिकडे आधी रस्ता झाला आणि मग त्यावरून विमानं उडायला लागली, असा तुमचा समज दिसतो. झालं उलटं. फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स हे विमानतळ आधी उभे राहिले. जानेवारी 1942 मध्ये अलास्काकडे निघालेली तीन बी-26 बाँबर विमानं याच भागात वाट चुकली आणि वॉटसन लेकच्या बाजूच्या एका दरीत बर्फावर उतरवावी लागली. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर तुकड्यांनी काही महिन्यांत हायवे काढला, तो मुद्दाम या तळांना जोडत. पुढे सोव्हिएत रशियाला द्यायची हजारो विमानं याच वाटेने फेअरबँक्सला गेली. लढाऊ विमानांच्या पायलटांनी जी वाट धरली, ती तुम्हाला भित्र्यांची वाटते?

आणि ही वाट सोपीही नाही. फोर्ट नेल्सनच्या पुढे समिट लेकजवळ हायवे 1,295 मीटरवर चढतो, दोन्ही बाजूंना डोंगर. ढग खाली आले की तिथे मागे वळायची तयारी आधीपासून हवी. हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. शिकत असताना पावसाळ्यात जबलपूरहून परतताना पेंचच्या जंगलावर ढग बसले. खाली नुसतं हिरवं, खुणेला काही नाही. इन्स्ट्रक्टरने शांतपणे सिवनीचा हायवे धरायला लावला आणि आम्ही तो धरून नागपूरला आलो. त्या दिवशी कोणी मला हिंमत विचारली नाही, भाऊ.

जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो. खाली उतरायला जागा आहे की नाही, हे तो बदलू शकत नाही. 16 ऑक्टोबर 1972 ला अँकरेजहून जूनोकडे निघालेलं सेसना 310 आजही सापडलेलं नाही. त्यात हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे दोन अमेरिकी खासदार होते, 39 दिवस शोध चालला. हायवेलगत उतरलात तर निदान एखादा ट्रकवाला तरी दिसेल. ट्रेंचमध्ये कोण येणार?

यादीतली कुऱ्हाड आणि डोक्यावरची मच्छरजाळी माझ्या कल्पनेतली नाही. प्रत्येकाला आठवडाभराचं अन्न, कुऱ्हाड, सुरी, मासेमारीचं साहित्य, मच्छरजाळी, हे अलास्काचा कायदाच अनेक वर्षं मागत होता. थट्टा करण्याआधी तो वाचला असता तर बरं झालं असतं. बाकीच्या मुद्द्यांवर मी वेळ घालवत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण एवढं सांगून: ट्रेंचमधल्या मॅकेन्झी गावाहून वॉटसन लेककडे निघालात, अर्ध्या वाटेत विलिस्टन सरोवराच्या उत्तरेला ढग खाली आले, मागची वाटही बंद झाली. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, कुठे घ्याल, आणि रात्र कुठे काढाल?