'पहिल्याच पडण्यात हेल्मेट तडकलं' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

सिंहगडाच्या उतारावर तुम्ही पडलात हे वाचून वाईट वाटलं. खांद्याच्या खरचटण्यावर निभावलं, हे महत्त्वाचं. रविवारच्या गर्दीत तुम्हाला ताटकळावं लागलं, आमचा मुलगाही तोडून बोलला, त्याबद्दल माफी मागतो.

पण 'आयएसआय शिक्का नाही, पहिल्याच पडण्यात तडकलं, म्हणजे माल डुप्लिकेट' असं चारचौघांत लिहिणं म्हणजे आमच्या पोटावर पाय देणं झालं. हेल्मेटचा तुम्ही म्हणताय तो आयएसआय शिक्का, आयएस 4151, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांसाठी असतो. तुमचं हेल्मेट सायकलचं. त्यात ईएन 1078 चं लेबल आहे, विकताना मी स्वतः उलटं करून दाखवलं होतं.

ही युरोपातली चाचणी. सेन्सर लावलेल्या नकली डोक्यावर हेल्मेट चढवून साधारण दीड मीटरवरून सपाट पोलादी ठोकळ्यावर आपटतात. आदळताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या जवळपास. फुटपाथच्या कडेसारख्या ठोकळ्यावरही आपटतात, तिथे वेग जरा कमी. काही हेल्मेटं आधी 50 अंशांना तापवलेली, काही उणे 20 ला गारठवलेली. नकली डोक्याला बसलेला धक्का 250 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटींच्या, वर गेला, की हेल्मेट नापास.

तो धक्का कमी कसा होतो? आतला थर्माकोलसारखा फोम दबतो, तडकतो आणि डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. तुमच्याच फोटोत डाव्या कानशिलाच्या वर फोम चेपलेला दिसतोय, भेग तिथूनच निघालीय. तो मार हेल्मेटने खाल्ला, सर. एकदा चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही, म्हणूनच 'नवीन घ्या' म्हटलं. 2,400 रुपये पुन्हा उकळायला नाही. अपघात वॉरंटीत येत नाही, हे बिलावरही छापलेलं आहे.

स्टारपेक्षा जास्त लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य, 'फेविक्विक लावून वापरतोय'. भेग चिकटेल, पण त्या जागी आता धक्का झेलायला काही उरलेलं नाही.

लेबलांची माहिती देणारा बोर्ड काउंटरवर लावतोय, रविवारी आणखी एक माणूस ठेवायचंही बघतो. जुनं हेल्मेट घेऊन या, नवीन आमच्या खरेदीच्या भावात देतो. आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या दुकानातून घ्या, पण ते चिकटवलेलं घालून पुन्हा घाट उतरू नका.