त्या फोटोतल्या करकोच्याचे पंख शाबूत आहेत

सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन जणांकडून आला, तिन्ही वेळा ‘जास्तीत जास्त शेअर करा’च्या आग्रहासकट. सोबत दोन फोटो: एक गवत माजलेला रिकामा पिंजरा, आणि दुसरा धुराड्यावरच्या घरट्यात उभा असलेला पांढरा करकोचा. मजकूर थोडक्यात असा: छोटी प्राणिसंग्रहालयं प्राणी गुपचूप विकतात नाहीतर मारतात. मोठी जनावरं संपली की गोगलगायी दाखवून तिकिटाचे पैसे घेतात. करकोच्यांचे पंख छाटतात, म्हणून ते हिवाळ्यातही तिथेच राहतात आणि रात्रभर केविलवाणे ओरडतात. त्यांच्या पायांना पांढरा रोग झालाय. पिल्लं घरट्याखाली मरून पडतात. कुठलं प्राणिसंग्रहालय, कुठलं साल, याचा पत्ता नाही.

मी प्राणिसंग्रहालयांचा वकील नाही. त्यांच्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्यातल्या एकदोन पुढे येतीलच. पण पक्ष्यांबद्दल इतकं चुकीचं वाचून गप्प बसवत नाही.

‘रात्रभर केविलवाणे ओरडतात’

प्रौढ पांढरा करकोचा जवळजवळ मुका असतो. आवाज काढायला पक्ष्यांच्या कंठात जे स्नायू लागतात, ते त्याला नसल्यातच जमा. जे काही बोलायचं ते चोचीने. मान मागे टाकतो, इतकी की डोकं पाठीला टेकतं, आणि चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर आपटत कडाडकडाड ताशा वाजवतो. जोडीदार घरट्यावर परतला की हा ताशा ठरलेला. पिल्लं थोडं म्यावम्याव केल्यासारखं करतात, तेवढंच. मेसेजमध्ये एके ठिकाणी याच पक्ष्याला ‘सारस’ म्हटलंय. सारस क्रौंचांच्या कुळातला, तो मात्र दणदणीत ओरडतो. लिहिणाऱ्याने दोघांपैकी कुणालाच नीट पाहिलेलं दिसत नाही.

‘पायांना पांढरा रोग झालाय’

ती विष्ठा आहे. उन्हाचा त्रास व्हायला लागला की करकोचा आपल्याच पायांवर पातळ शिटतो. त्यातलं पाणी वाफ होऊन जाताना पायातलं रक्त गार करतं. लालभडक पाय मग चुना फासल्यासारखे दिसतात. ओंगळ वाटेल, पण उपाय नामी आहे.

‘पंख छाटलेत’

हा आरोप अगदीच हवेतला नाही. पक्षी उडू नये म्हणून प्राणिसंग्रहालयांत दोन गोष्टी करत आले आहेत. एक, पंखाची पिसं कापणं. जुनी झडून नवी आली की पक्षी पुन्हा उडतो, म्हणून ते पुन:पुन्हा करावं लागतं. दुसरी गोष्ट, पिनिअनिंग: पिल्लू काही दिवसांचं असतानाच एका पंखाचं टोक हाडासकट कापून टाकणं. ते कायमचं. काही देशांत त्यावर बंदी आहे, काही ठिकाणी ते अजून चालतं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

पण मग फोटोकडे बघा ना. एका पंखाचं टोक नसलेला पक्षी धुराड्यावर पोचला कसा? शिडी लावून? शिवाय मीलनाच्या वेळी नराला मादीच्या पाठीवर उभं राहून पंख फडफडवत तोल सांभाळावा लागतो. पिनिअन केलेल्या मोठ्या पक्ष्यांच्या नरांना नेमकी तिथेच अडचण येते, आणि अंडी वांझ निघतात. इतक्या उंचावर घरटं, आणि मेसेजच म्हणतो त्याप्रमाणे त्यात पिल्लं, म्हणजे दोन्ही पंख धड आहेत. आरोपाचं खंडन आरोप करणाऱ्यानेच जोडून पाठवलंय.

‘मोकळे असते तर आफ्रिकेत गेले असते’

इथे जरा थांबावं लागेल, कारण प्रश्न खरा आहे आणि उत्तर सरळ नाही.

करकोचा थंडीला घाबरून जात नाही. तो जातो ते किडे, बेडूक, उंदीर मिळेनासे होतात म्हणून. अन्न मिळत असेल तर राहतोही. स्पेन-पोर्तुगालमध्ये कचरा डेपोंवर पोसले जाणारे हजारो करकोचे आता हिवाळा तिथेच काढतात, आणि त्यांचे पंख कुणी छाटलेले नाहीत. स्थलांतर हा या पक्ष्यांसाठी महागडा सौदा आहे. ते तापलेल्या हवेच्या झोतांवर तरंगत जातात, समुद्रावर असे झोत तयार होत नाहीत, म्हणून पश्चिमेकडचे करकोचे जिब्राल्टरवरून आणि पूर्वेकडचे बॉस्फरसवरून, भूमध्य समुद्राला वळसा घालून जातात. वाटेत विजेच्या तारा, शिकारी, दुष्काळ.

कुठल्या दिशेला जायचं हे थोडं जन्मजात असतं, थोडं संगतीने येतं. अर्न्स्ट श्यूत्स या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने पूर्व प्रशियातली, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्व टोकाकडची पिल्लं पश्चिम जर्मनीत नेऊन वाढवली होती. स्थानिक करकोचे निघून गेल्यावर सोडलेली पिल्लं आपल्या मूळ ओढीने आग्नेयेकडे गेली. स्थानिकांच्या सोबत राहिलेली मात्र त्यांच्याबरोबर नैर्ऋत्येकडे वळली. मग आजूबाजूचे मोठे करकोचे कुठेच जात नसतील तर?

नेमकं हेच माणसाने मुद्दाम घडवलंय. १९५०पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये घरटं करणारा एकही पांढरा करकोचा उरला नव्हता. माक्स ब्लोएश यांनी १९४८मध्ये आल्ट्रेउ इथे त्यांना परत आणायचं काम सुरू केलं होतं, पुढे अल्जीरियातूनही पक्षी आणले. फ्रान्समधल्या अल्सासमध्ये १९७०च्या दशकात दहापेक्षाही कमी जोड्या राहिल्या होत्या. तिथेही तोच मार्ग धरला: पिल्लं जाळीखाली साधारण तीन वर्षं ठेवायची. तोवर वयात येतात, जायची ओढ ओसरते, आणि दार उघडलं की शेजारच्याच छपरावर घरटं करतात. आज अल्सासमध्ये पुन्हा शेकडो जोड्या आहेत. प्राणिसंग्रहालयांच्या छपरांवरचे बरेच ‘मुक्कामी’ करकोचे या नाहीतर अशाच प्रकल्पांचे वंशज. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात अशी मोकळी वसाहत आहे. आपल्याकडे दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात तर करकोच्याचे भाऊबंद चित्रबलाक कुणी न आणता येतात, तळ्यातल्या झाडांवर पिल्लं वाढवतात आणि निघून जातात.

मेसेज लिहिणाऱ्याला खरा मुद्दा हवा असता तर तो इथे होता. खायला घालून बसवलेल्या पक्ष्याला रानटी म्हणायचं का? त्याच्या पोरांनी स्थलांतराचा वारसा गमावला, ही किंमत रास्त होती का? माझ्या मते त्या काळी होती. दहा जोड्यांपाशी तत्त्वचिंतन परवडत नाही. आता मात्र बहुतेक ठिकाणी पिल्लांना कोंडणं थांबवलंय, आणि बरीच तरुण पाखरं पुन्हा दक्षिणेला जातात. तेच बरोबर आहे. पण यातलं काहीच कात्रीने झालेलं नाही.

‘पिल्लं मरून पडतात’

पडतात. रानातही पडतात. साधारण ३३ दिवसांनी अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस आईबापाच्या पोटाखाली मावतं. तीनेक आठवड्यांचं झालं की मावत नाही, आणि अंगावरची लव अजून पाणी अडवत नाही. नेमक्या त्या दिवसांत गार पावसाची झड लागली की अख्खी घरटी रिकामी होतात. अन्न कमी पडलं तर आईबाप सर्वांत दुबळं पिल्लू स्वत:च बाहेर टाकतात. एक कारण मात्र आपल्या खात्यावर आहे. जमिनीवर पडलेलं रबरबँड करकोच्याला गांडूळ वाटतं आणि ते पिल्लांच्या पोटात जातं. मेसेजच्या लेखकाने त्यावर लिहिलं असतं तर मीही पुढे पाठवलं असतं.

‘पिंजरे रिकामे, म्हणजे विकले किंवा मारले’

प्राणी मारले जातच नाहीत असं मी म्हणणार नाही. कोपनहेगनने २०१४मध्ये मारिअस हा धडधाकट जिराफ मारला, न्यूरेंबर्गने २०२५मध्ये १२ बबून. दोन्ही कृत्यांचा मला राग आहे. पण दोन्ही जाहीर होती, आणि दोन्ही प्राणिसंग्रहालयं काही छोटी नव्हेत.

छोट्या ठिकाणी पिंजरा रिकामा होण्याची कारणं बरीच साधी असतात. कित्येक प्राणी मुळात त्यांच्या मालकीचेच नसतात. प्रजननासाठी दुसऱ्या संग्रहालयाने उसने दिलेले असतात आणि परत जातात. वयात आलेला नर बहिणींपासून दूर, दुसरीकडे पाठवतात. वंशावळ सांभाळणारी माणसं नोंदवह्या पाहून हे ठरवतात. म्हातारी जोडी शेवटपर्यंत सांभाळून त्या जागी नवी आणायची नाही, असंही ठरवलेलं असतं. बर्ड फ्लूच्या साथीत पक्षी आत नेलेले असतात. आणि कधीकधी जागा पुरत नाही हे कबूल केलेलं असतं. लंडनने २००१मध्ये हत्ती शहराबाहेरच्या प्रशस्त व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयात हलवले, डेट्रॉइटने २००५मध्ये आपल्या दोन हत्तिणी अभयाश्रमात पाठवल्या. तो रिकामा हत्तीखाना मला भरलेल्यापेक्षा बरा वाटतो.

‘गोगलगायी दाखवतात’

दाखवू द्या की. पॉलिनेशियातल्या पार्टुला गोगलगायी, बेटांवर आणून सोडलेल्या एका शिकारी गोगलगायीने फस्त केल्या. काही जाती फक्त प्राणिसंग्रहालयांतल्या प्लास्टिकच्या डब्यांत उरल्या. त्यांतली पार्टुला तोहिवेआना पुन्हा बेटावर सोडली गेली, तिथेच जन्मून वाढलेल्या गोगलगायी सापडल्या, आणि २०२४मध्ये तिचं नाव ‘निसर्गातून नष्ट’ या यादीतून निघालं. वाघाला जन्मभर पुरणार नाही एवढ्या खोलीत हे काम होतं. छोट्या जागेने छोटे प्राणी ठेवले तर ती घसरण कशी?

दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला. करकोच्याच्या एका पायात, घोट्याच्या वर, काळं कडं आहे. कडं घोट्याच्या वरच घालतात, खाली घातलं तर विष्ठा साचून पाय चिरडतो. कड्यावर पांढरी अक्षरं आहेत. ती वाचता आली असती तर हा पक्षी कुठे जन्मला, कधी आणि कुणी कडं घातलं, हे एका पत्राने कळलं असतं. पण फोटो इतक्या वेळा फॉरवर्ड झालाय की अक्षरांच्या जागी नुसते ठिपके उरलेत.